वीस किलोच्या सेटनंतर काय?

ग्वाल्हेरच्या थाटीपुर भागातल्या गच्च्यांवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक ठरलेला ऐवज दिसतो. काळ्या किंवा निळ्या प्लास्टिकच्या कवचातल्या गोल प्लेटा, डंबेलचे दोन आखूड रॉड, एक तीन किंवा पाच फुटी रॉड आणि गंज धरू लागलेल्या क्लिपा. ‘होम जिम सेट’ या नावाने विकला जाणारा हा माल साधारण दीड-दोन हजारांत वीस किलो मिळतो आणि पहिले काही महिने चोख काम देतो. मग हळूहळू उचलणाऱ्याची ताकद सेटच्या पुढे निघते आणि घरात प्रश्न येतो: आणखी प्लेटा आणायच्या, की जिमची फी भरायची?

बहुतेक जण आणखी प्लेटा आणतात, आणि तिथेच पैसा चुकीच्या जागी जातो. वजन ही घरच्या व्यायामातली सर्वांत स्वस्त आणि कुठेही मिळणारी वस्तू आहे. खरा खर्च करायचा तो वजन धरणाऱ्या, टेकवणाऱ्या आणि झेलणाऱ्या सामानावर. म्हणजे रॉड, स्टँड, बेंच आणि पायाखालची जमीन. हा क्रम पाळला तर पाच-दहा हजारांत उभं राहिलेलं सामान वर्षानुवर्षं पुरतं. उलटा केला, तर शंभर किलो प्लेटा जमतात आणि त्या खांद्यावर घेण्याची सोयच नसते.

व्यायामाच्या शास्त्राच्या बाबतीत ग्वाल्हेर तसं भाग्यवान शहर. राणी लक्ष्मीबाईंना जून १८५८ मध्ये इथेच वीरमरण आलं. अठराशे सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १७ ऑगस्ट १९५७ रोजी, केंद्र सरकारने त्यांच्या नावाने या शहरात शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू केलं. त्याचे पहिले प्राचार्य डॉ. पी. एम. जोसेफ हे त्याआधी मुंबईत कांदिवलीच्या शारीरिक शिक्षण संस्थेचे प्राचार्य होते. आज ही संस्था अभिमत विद्यापीठ आहे आणि देशभरातले क्रीडाशिक्षक तिथे घडतात. शहरातल्या लष्कर आणि मुरार या भागांच्या मधल्या थाटीपुरपासून ती फार लांब नाही. पण प्रत्येकाला संस्थेत प्रवेश मिळत नाही, आणि नोकरी, शाळा, स्वयंपाक सांभाळून रोज जिम गाठणंही जमत नाही. म्हणून गच्ची, व्हरांडा किंवा बंद पडलेल्या स्कूटरशेजारची जागा हीच अनेकांची व्यायामशाळा.

सेट कुठे तोकडा पडतो

प्लास्टिकच्या कवचातली प्लेट आतून सिमेंट-वाळूची असते. काँक्रीटच्या एका लिटरचं वजन सुमारे २.४ किलो, बिडाच्या एका लिटरचं ७.२ किलो. म्हणजे तेवढ्याच किलोंसाठी सिमेंटची प्लेट तिप्पट जागा खाते. आखूड रॉडवर प्लेटा लावायची जागा मुळातच वीतभर. दोन-तीन जाड प्लेटा चढल्या की रॉड भरला. घरात आणखी प्लेटा असूनही त्या लावता येत नाहीत, आणि लोकांना वाटतं सेट ‘संपला’.

दुसरी अडचण स्क्वॉटची. स्टँड नसेल तर रॉड आधी जमिनीवरून छातीपर्यंत, मग डोक्यावरून मानेमागे न्यावा लागतो. पाय सत्तर किलो सहज पेलतील, पण हात पस्तीसच वर नेऊ शकतात. मग पायांचा व्यायाम हातांच्या ताकदीवर अडून राहतो. बेंच प्रेसचंही तसंच. जमिनीवर आडवं पडून केलेला प्रेस कोपर टेकताच अर्ध्यावर थांबतो.

तिसरी अडचण टप्प्यांची, आणि ती सर्वांत कमी लक्षात येते. अशा सेटमधली सर्वांत लहान प्लेट बरेचदा अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की एकदम पाच किलो वाढले. पन्नास किलोच्या स्क्वॉटवर ही वाढ दहा टक्के. डोक्यावर तीस किलो उचलणाऱ्यासाठी तीच वाढ सुमारे सतरा टक्के, आणि एका आठवड्यात कुणाची ताकद सतरा टक्के वाढत नाही. मग महिनोन्महिने तेच तीस किलो चालू राहतात, उत्साह आटतो आणि रॉडवर टॉवेल वाळू लागतात.

एका किलोची किंमत

एका किलोने काय बिघडतं, हे सांगलीला विचारावं. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो उचलले. मलेशियाच्या अनिक कस्दानने २४९ उचलले. शेवटच्या प्रयत्नांत संकेतच्या कोपराला दुखापत झाली आणि सुवर्ण एका किलोने गेलं. सांगलीत पानाची टपरी आणि चहाची गाडी चालवणाऱ्या घरातल्या या मुलाचं रौप्यपदक हे त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक होतं. त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळची हर्षदा गरुड ग्रीसमध्ये ४५ किलो गटात ७० आणि ८३, असे १५३ किलो उचलून कनिष्ठ जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी पहिली भारतीय ठरली. या स्पर्धांमध्ये वजन एकेका किलोने वाढवता येतं आणि रॉडला लावायच्या अधिकृत प्लेटा अर्ध्या किलोपर्यंत लहान असतात.

म्हणून सेट सुधारण्याची सुरुवात सर्वांत लहान वजनांपासून करावी. सव्वा किलोच्या, एक किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या लोखंडी प्लेटांची एकेक जोडी काहीशे रुपयांत मिळते. तेवढेही खर्च करायचे नसतील तर जाड कापडाच्या लहान पिशव्या शिवून त्यांत काट्यावर मोजून अर्धा-अर्धा किलो वाळू भरावी, तोंड शिवून टाकावं आणि वेल्क्रोच्या पट्टीने त्या रॉडच्या टोकाला, क्लिपेच्या आत, घट्ट गुंडाळाव्यात. तीसवरून एकतीस, एकतीसवरून बत्तीस अशी वाट मोकळी होते. डंबेलसाठी घोट्याला बांधायच्या अर्धा-एक किलोच्या पट्ट्या हेच काम करतात.

लहान प्लेटा हातात येईपर्यंत आवर्तनांनी टप्पा भरून काढता येतो. तीस किलो आठ वेळा जमतात, तर ते तीन फेऱ्यांत बारा-बारा वेळा जमेपर्यंत वजन वाढवू नये. बारा झाले की पाच किलो वाढवून पुन्हा आठवर यावं.

लहान टप्प्यांनी वजन वाढवण्याचं हे तत्त्व मराठी तालमींना नवं नाही. तिथे करेल आणि मुद्गलांच्या जोड्या हलक्याकडून जडाकडे ओळीने ठेवलेल्या असत. मधोमध मूठ असलेले दगडी नाल आणि खाचेत पकड दिलेला लाकडी सुमतोला वेगवेगळ्या वजनांचे असत. नवा पोरगा जडाला हात लावायला गेला की वस्ताद त्याला हलक्याकडे पाठवीत. वडोद्याला द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांत सिद्ध केलेल्या मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’त अशा देशी साधनांची दखल तपशिलाने घेतली आहे. पश्चिमेतही हीच गरज होती. १९०४-०५ मध्ये भारतात खेळ करून गेलेल्या यूजीन सँडोच्या काळात बारबेलच्या टोकांना लोखंडी गोळे असत. काही पोकळ असत, आणि त्यांत वाळू किंवा शिशाचे छर्रे भरून वजन बदललं जाई. १९०२ मध्ये फिलाडेल्फियात ॲलन काल्व्हर्टने ‘मायलो बारबेल’ कंपनी काढून वजन कमी-जास्त करता येणारे बारबेल सर्वसामान्यांना घरपोच विकायला सुरुवात केली. वाळू भरून वजन वाढवणारा आजचा थाटीपुरचा मुलगा त्याच रांगेत उभा आहे.

पायाखाली काय आहे?

पुढचा खर्च जमिनीवर. ग्वाल्हेरच्या जुन्या घरांत हा प्रश्न जरा गंभीर आहे, कारण या भागात वालुकाश्म मुबलक आणि अनेक घरांची छतं दगडी पटियांची. गर्डरवर किंवा भिंतीवर टेकवलेल्या लांब फरशा आणि वर चुना किंवा काँक्रीट. असा दगड स्थिर भार छान सोसतो. धक्का मात्र त्याला मानवत नाही. वरून वजन आपटलं की तो वाकत नाही, सरळ तडकतो.

आधुनिक काँक्रीटच्या गच्चीलाही हिशेब आहे. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला सुमारे २०० किलो आणि वापरातली गच्ची सुमारे १५० किलो भार धरून आखली जाते. सत्तर किलोचा माणूस ऐंशी किलोचा बारबेल घेऊन उभा राहिला की एका चौरस मीटरवर दीडशे किलो झाले. स्लॅब सलग असतो आणि भार पसरतो, म्हणून एवढ्याने काही होत नाही. पण तेच ऐंशी किलो कमरेच्या उंचीवरून सोडले तर हिशेब पार बदलतो. नियम साधा ठेवावा: डंबेल, प्रेस, स्क्वॉट वर चालतील, जड डेडलिफ्ट आणि वजन खाली टाकण्याचे प्रकार तळमजल्यावर किंवा अंगणातच. दगडी पटियांचं छत असेल तर वर फक्त हलकं वजन, आणि तेही हातानेच अलगद खाली ठेवायचं.

जमिनीवर अंथरायला जिमच्या दुकानातल्या रंगीत फोमच्या चौकोनांवर पैसे घालू नयेत. ते मऊ असतात, जड वजनाखाली कायमचे दबतात आणि स्क्वॉट करताना पाय डगमगतो. त्यापेक्षा गाई-म्हशींच्या गोठ्यात घालतात ती जाड रबरी चटई घ्यावी. म्हशीचं वजन आणि खूर सोसायला बनवलेली ही चटई दुग्धव्यवसायाचं सामान विकणाऱ्याकडे मिळते आणि त्याच जाडीच्या ‘जिम फ्लोअरिंग’पेक्षा बहुधा स्वस्त पडते. तिला सुरुवातीला रबराचा उग्र वास असतो. आठवडाभर सावलीत हवेवर ठेवली की तो ओसरतो. डेडलिफ्ट करायची असेल तर आठ बाय चार फुटी प्लायचा तुकडा मध्ये, पाय ठेवायला, आणि दोन्ही टोकांना रबर, एवढी व्यवस्था पुरते.

वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी

स्टँड ही अशी वस्तू आहे की ती आल्यावर निम्म्याहून जास्त व्यायाम नव्याने शक्य होतात. स्क्वॉट, बेंच प्रेस, उभ्याने प्रेस, सगळ्यांना तीच लागते. तयार स्टँड घेता येतो, पण मोहल्ल्यातला ग्रिल-गेट बनवणारा वेल्डिंगवालाही तो करून देतो. असे कारागीर बहुधा मजुरीसह किलोवर भाव सांगतात, त्यामुळे लोखंड किती लागेल हे आधी ठाऊक असलं तर घासाघीस सोपी जाते. पन्नास मिलिमीटर चौकोनी आणि दोन मिलिमीटर जाड पाइप मीटरला सुमारे तीन किलो भरतो. दोन उभे खांब, रुंद पाया आणि मागची जोडपट्टी मिळून आठ-नऊ मीटर पाइप लागतो, म्हणजे पंचवीस किलोंच्या आसपास लोखंड. कारागिराने सव्वा मिलिमीटरचा पातळ पाइप सुचवला तर नको म्हणावं. खिडकीच्या ग्रिलला तो चालतो, माणसाच्या मानेवर रॉड टेकवायला नाही.

कागदावर आकृती काढून न्यावी आणि चार गोष्टी ठासून सांगाव्यात. पाया पुढे-मागे पुरेसा लांब हवा, नाही तर रॉड परत ठेवताना स्टँड मागे कलंडतो. दोन्ही खांब आडव्या पट्टीने जोडलेले हवेत, किंवा सुटे असतील तर पाया आणखी रुंद. रॉड टेकवायचे आकडे पुढून उंच ओठाचे हवेत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खाली दोन आडवे सुरक्षा-हात हवेत, ज्यांवर फसलेला रॉड पडेल. स्क्वॉटसाठी आकड्याची उंची खांद्याच्या किंचित खाली असते. टाचा उंचावून रॉड काढावा लागला तर उंची चुकली. घरात दोन वेगळ्या उंचीची माणसं व्यायाम करणार असतील तर खांबांना दर दहा सेंटिमीटरवर भोकं पाडून खिळीने आकडा वर-खाली करता येईल असं करावं.

बेंचचीही मापं ठरलेली आहेत. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बेंच ४२ ते ४५ सेंटिमीटर उंच, २९ ते ३२ सेंटिमीटर रुंद आणि किमान १२२ सेंटिमीटर लांब असते. घरच्या लाकडी बाकाला या मापाने फोम आणि रेक्झिन लावून घेता येतं. फक्त त्याचे पाय डुगडुगत नाहीत आणि मध्ये जोड नाही, हे पाहावं. प्लास्टिकची खुर्ची, दिवाण किंवा एकमेकांवर रचलेल्या विटा यांवर बेंच प्रेस कधीही करू नये.

घरी एकट्याने बेंच प्रेस करणाऱ्यासाठी एक सूचना सर्वांत आधी. सुरक्षा-हात नसतील आणि जवळ कुणी नसेल तर रॉडला क्लिपा लावू नयेत. रॉड छातीवर अडकलाच तर एका बाजूला कलवून प्लेटा खाली सांडवता येतात आणि माणूस मोकळा होतो. दाराशी कुणी मूल बसलेलं नाही, एवढं मात्र आधी पाहावं.

रॉड: तीन मिलिमीटरचा फरक

सेटसोबत आलेला रॉड बहुधा एक इंची असतो, कधी भरीव, कधी पोकळ. कोणता, हे ओळखायला बांधकामावरचे मिस्त्री आणि ठेकेदार रोज वापरतात ते सूत्र कामी येतं: सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग घ्या, त्याला १६२ ने भागा, उत्तर येईल ते मीटरमागे किलो. पंचवीस मिलिमीटरचा भरीव रॉड मीटरला ३.८६ किलो भरतो. पाच फुटी, म्हणजे दीड मीटरचा, असेल तर काट्यावर सहा किलोंच्या आसपास आला पाहिजे. तीनच किलो आला तर तो पोकळ आहे. असा रॉड हलक्या व्यायामाला ठेवावा, स्क्वॉटला घेऊ नये.

वाकण्याला विरोध करण्याची रॉडची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पंचवीसचा रॉड अठ्ठावीसचा केला, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर वाढवले, तर ती सुमारे चाळीस टक्के वाढते. म्हणून नवा रॉड घेताना चमक आणि नक्षी पाहण्याआधी व्यास मोजावा. ऑलिंपिक पद्धतीचा पुरुषांचा रॉड २.२ मीटर लांब, २० किलो वजनाचा आणि पकडीला २८ मिलिमीटर असतो. महिलांचा २.०१ मीटर, १५ किलो आणि २५ मिलिमीटर. दोन्हींच्या टोकांच्या फिरत्या नळ्या ५० मिलिमीटरच्या. हे रॉड खास कणखर पोलादाचे असतात. वजनाखाली लवतात आणि पुन्हा सरळ होतात. साधी लोखंडी सळई एकदा मर्यादेपलीकडे वाकली की तशीच राहते. लोखंडाच्या बाजारातून आणलेल्या अठ्ठावीसच्या सळईवर साठ-सत्तर किलो शांतपणे उचलता येतील. ती आपटायची नाही, आणि वाकलेली दिसली की दुरुस्त न करता बाजूला ठेवायची.

इथे एक निर्णय आधीच करावा लागतो, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर ठरते. बाजारात प्लेटांच्या दोन जाती आहेत. एक इंची रॉडच्या, साधारण २८ ते ३० मिलिमीटर भोकाच्या, आणि ऑलिंपिक रॉडच्या, ५० मिलिमीटर भोकाच्या. आज एका जातीचा रॉड आणि उद्या दुसऱ्या जातीच्या प्लेटा घेतल्या तर दोन्ही अर्धवट राहतात. शंभर किलोच्या आत समाधान मानणाऱ्याला एक इंची जात पुरे आहे; ती स्वस्त आणि जुनी बाजारात सहज मिळते. लांबचा पल्ला असेल तर सुरुवातीपासून पन्नासची जात धरावी.

पाण्याच्या पाइपची मापं इथे योगायोगाने उपयोगी पडतात. पाऊण इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास २६.९ मिलिमीटर असतो, म्हणजे एक इंची प्लेट त्यावर नीट बसते. त्याच्या हातभर तुकड्यांतून डंबेलच्या जादा मुठी होतात. दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, म्हणजे पन्नासच्या भोकात तो अलगद जातो. त्याचे तुकडे आतून बुश घालून जुन्या रॉडच्या टोकांवर पक्के केले तर तोच रॉड मोठ्या भोकाच्या प्लेटा घेतो. हे काम मात्र लेथवाल्याकडून करून घ्यावं. ढिल्या नळीने प्लेट तिरकी होते आणि मनगटाला झटका बसतो.

शेवटी किलो

एवढं जमल्यावर प्लेटांकडे वळावं, आणि नव्या प्लेटा शक्यतो घेऊच नयेत. बिडाची प्लेट झिजत नाही, तिचं मॉडेल जुनं होत नाही. कोविडमध्ये जिम बंद पडल्या. देशात त्यांना ५ ऑगस्ट २०२० पासून परवानगी मिळाली, महाराष्ट्रात थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबर २०२० रोजी. त्या काळात अनेक घरांत हौसेने आलेलं सामान आता माळ्यावर पडून आहे, आणि ऑनलाइन जुन्या बाजारात, सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि कबाड्यांकडे फिरतं आहे. नवं घ्यायचंच झालं तर मेरठ आणि जालंधर ही क्रीडासाहित्याची मोठी केंद्रं उत्तरेतच आहेत. पण लोखंड जड असतं आणि वाहतुकीचा खर्च किलोवर चढतो, हे धरून हिशेब करावा.

जुनी प्लेट घेताना ती काट्यावर घालावी. छापलेलं वजन आणि खरं वजन यांत फरक निघणं नेहमीचं. दोरीला टांगून लहान हातोडीने हलकेच ठोकावी. साबूत बीड खणखणतं, आतून चीर गेलेलं बद्द वाजतं. रॉड सपाट फरशीवर लोळवून पाहावा. वाकलेला रॉड डुलत जातो. गंजाला मात्र घाबरू नये. तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने गंज उतरवून रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर इनॅमल पेंट दिला की प्लेट नव्यासारखी होते. रॉडच्या पकडीला रंग देऊ नये, तो घामाने निसटतो. तिथे पावसाळ्यात आठवड्याला मशीन ऑइलचा हात पुसून घेतला की पुरे. ग्वाल्हेरला जुलै ते सप्टेंबर लोखंड झपाट्याने गंजतं, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेला की गच्चीवरचा रॉड दुपारी हातात धरवत नाही. सामान जिन्याखाली किंवा आत ठेवावं.

तोवर घरातलं वजन आहेच. सिमेंटची पोती पन्नास किलोची असतात, वीस लिटरच्या पाण्याच्या जारमध्ये वीस किलो पाणी मावतं, आणि कोरडी वाळू लिटरला सुमारे दीड किलो भरते. जुन्या कॅनव्हासच्या पिशवीत, आत प्लास्टिकच्या दोन थैल्या घालून, पंचवीस-तीस किलो वाळू भरली की पाठीला आणि पायांना भरपूर काम मिळतं. ही पिशवी खांद्यावर घेऊन जिना चढता येतो, छातीशी धरून स्क्वॉट करता येतो. रंगाच्या डब्याच्या तारेच्या मुठीवर मात्र विसंबू नये. ती तेवढ्या वजनाला बनवलेली नसते.

डेडलिफ्टची एक अडचण अशीच स्वस्तात सुटते. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. घरच्या लहान प्लेटा लावल्या की रॉड फार खाली जातो आणि पाठ वाकवून उचलावं लागतं. सुताराकडून अठरा मिलिमीटरच्या प्लायच्या ४५ सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या, मधोमध रॉडच्या मापाचं भोक पाडून, करून घ्याव्यात. एकेका चकतीचं वजन दोन किलोंच्या आतबाहेर असतं. रॉडवर त्या आधी चढवल्या की उंची बरोबर जमते, मग आत-बाहेर कितीही लहान प्लेटा लावा.

दहा हजारांचं अंदाजपत्रक असेल तर चार हजार स्टँड, सुरक्षा-हात आणि बेंचवर, अडीच हजार भरीव रॉडवर, दीड हजार रबर आणि प्लायवर, आणि उरलेले दोन हजार जुन्या प्लेटा आणि लहान वजनांवर, अशी विभागणी हिशोबाला उतरते. पाचच हजार असतील तर रॉड जुनाच ठेवावा, सुरक्षा-हातांना मात्र काट मारू नये. केबलच्या यंत्रांवर, एका वस्तूत वीस व्यायाम देणाऱ्या जाहिरातीतल्या सामानावर आणि क्रोमच्या झगमगाटावर या टप्प्याला पैसे घालण्याचं कारण नाही. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा पाठीचं जुनं दुखणं असलेल्यांनी जड वजनाला हात घालण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि नवी खरेदी करण्याआधी घरातला सगळा सेट एकदा कबाड्याच्या काट्यावर नेऊन तोलून आणावा, प्रत्येक प्लेटेवर खडूने खरं वजन लिहावं. पुढे काय घ्यायचं याची यादी तिथूनच सुरू करावी.